फोटोची पाठ

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो. वीसेक वर्षांच्या बातमीदारीतली ही माझी सगळ्यात मोठी चूक.

सात वर्षांपूर्वी आमच्या भागात एका नदीपात्रातून रात्री वाळू उपसली जायची. नदीचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेलच. काठावरच्या एका शेतकऱ्यानं पुतण्याला सांगून मला ईमेलवर फोटो पाठवले. एक जेसीबी, तीन ट्रॅक्टर आणि हेडलाईटच्या उजेडात चमकणारं पाणी. अट एकच होती, "सर, माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

मी ते कुठंच येऊ दिलं नाही. बातमीत नाही, फोटोखाली नाही, संपादकांनाही सांगितलं नाही. गावाचा उल्लेखही मोघम ठेवला. मग प्रतिक्रिया घ्यायची म्हणून संबंधित खात्यातल्या एका माणसाला व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. तो म्हणाला, "फोटो फाटतायत हो, क्लिअर पाठवा." मी ईमेलमधल्या मूळ फाईली डॉक्युमेंट म्हणून पाठवून दिल्या. दोन मिनिटांचं काम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या दारात दोन मोटारसायकली थांबल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. एकानं खिशातून मोबाईल काढून नकाशा दाखवला. नकाशावरची लाल खूण गोठ्याच्या पत्र्यावर होती. "काका, हा तुमचाच गोठा ना?" एवढंच विचारलं. पाणी मागून प्यायले आणि गेले.

पुढचे दोन महिने तो माणूस लेकीकडे जाऊन राहिला. बघायला कुणी नाही म्हणून दोन म्हशी विकल्या. फाईल कुणाकडून कुणाकडे गेली हे मला आजही सिद्ध करता येणार नाही, म्हणून खात्याचं नाव घेत नाही. पण ती माझ्या हातून बाहेर पडली एवढं नक्की.

त्या फोटोत कुठंही गोठा दिसत नव्हता. गोठ्याचा पत्ता फोटोच्या पाठीवर लिहिलेला होता. तेव्हापासून मी या पाठीचा इतिहास शोधत, वाचत आलोय. तो आज सांगतो.

जुन्या पिढीला फोटोची पाठ नीट माहीत आहे. आमच्या आत्याच्या ट्रंकेत फोटोंचं एक पुडकं होतं. कुठलाही फोटो हातात घेतला की ती आधी उलटा करायची. मागे वडिलांच्या अक्षरात शाईनं लिहिलेलं असायचं, 'पंढरपूर, आषाढी, १९७४', आणि खाली डावीकडून कोण कोण. त्याशेजारी स्टुडिओचा जांभळा शिक्का. पुढून बघितलं तर नुसते चेहरे, मागून वाचलं की माणसं.

फोटोग्राफीचा शोध जगापुढं आला १८३९ साली. त्यानंतर पंधराच वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. त्या काळात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे फोटो निघायचे. स्टुडिओवाले पुठ्ठ्याच्या मागं आपलं नाव, पत्ता, मिळालेली पदकं छापायचे, आणि बऱ्याचदा निगेटिव्ह जपून ठेवल्याची ओळही असायची. कुणी काढला, कुठं काढला आणि पुन्हा प्रत हवी तर कुणाकडं जायचं, एवढं सगळं त्या पाठीवर. ती जाहिरात होती आणि नोंदही होती.

ही नोंद कॅमेऱ्यातच करता आली तर? ही कल्पना डिजिटल जमान्यातली नाही. १९१४ साली कोडॅक कंपनीनं ऑटोग्राफिक नावाचे कॅमेरे बाजारात आणले. हेन्री गाइसमन नावाच्या अमेरिकी संशोधकाचा तो शोध कोडॅकनं तब्बल ३ लाख डॉलर देऊन विकत घेतला होता. कॅमेऱ्याच्या मागं एक बारीकशी झडप. फोटो काढला की झडप उघडायची आणि आतल्या कागदावर धातूच्या काडीनं तारीख, गाव, नाव लिहायचं. मग काही सेकंद उजेड लागू द्यायचा. फिल्म धुतली की दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत तुमचं अक्षर उमटलेलं असायचं. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. खिशात मावणारा कोडॅकचा कॅमेरा सैनिकांचा कॅमेरा म्हणून खपला. फोटो आणि त्याची माहिती एकाच फिल्मवर यायची ती अशी. त्यात एक गोष्ट मात्र होती. काडी हातात घेऊन लिहायचं की नाही, हे फोटो काढणारा ठरवायचा.

वर्तमानपत्रांना ही पाठ सगळ्यात जास्त लागते. १९३५ च्या १ जानेवारीला असोसिएटेड प्रेसनं अमेरिकेत तारेवरून फोटो पाठवायची सेवा सुरू केली. आता फोटो मैलोन्‌मैल जाऊ लागला. तो कुणाचा, कुठला, हे सोबत गेलं नाही तर पलीकडच्या संपादकाला तो काय कामाचा? म्हणून फोटोबरोबर ओळीही जायच्या.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो तेव्हा आमची तारसेवा म्हणजे एसटी. फोटोची प्रिंट पाकिटात घालायची, पाकिटावर पेपरचं नाव, आणि पाकीट संध्याकाळच्या जिल्ह्याच्या गाडीत कंडक्टरच्या हातात. प्रिंटच्या मागं बॉलपेननं लिहायचं. फार दाबून लिहायचं नाही, नाहीतर पुढं आमदारांच्या कपाळावर वळ उठायचा. एकदा मागं लिहायला विसरलो. दुसऱ्या दिवशी एका गावच्या सप्ताहाचा फोटो दुसऱ्याच गावच्या उपोषणाच्या बातमीत छापून आला. तेव्हापासून मी पाठीवर लिहायला कधी चुकलो नाही. ही सवय पुढं उलटी फिरेल असं वाटलं नव्हतं.

मधल्या काळात आणखी एक पाठ आली, ती तर पुढंच छापली जायची. नव्वदच्या दशकातले लग्नाचे अल्बम काढून बघा. उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे दिसतील. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणात बसवलेलं छोटं घड्याळ फिल्मवर तारीख उमटवायचं. सेल संपला, घड्याळ कुणी लावलं नाही, की मे महिन्यातल्या लग्नावर १ जानेवारी छापून यायचा. यंत्रानं लिहिलं म्हणजे खरंच असतं असं नाही, हा धडा त्या आकड्यांनी तेव्हाच दिला होता. तो पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता डिजिटल काळात येऊ. इथं दोन वाटा एकमेकींना मिळाल्या.

पहिली वाट बातमीदारांची. वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांची एक आंतरराष्ट्रीय परिषद १९६५ साली लंडनमध्ये स्थापन झाली. तिचं आद्याक्षरी नाव आयपीटीसी. बातमी आणि फोटो एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना फोटोओळ, छायाचित्रकाराचं नाव, ठिकाण, तारीख यांचे ठरलेले रकाने असावेत, यासाठी या परिषदेनं १९९१ मध्ये एक नमुना पक्का केला. पुढं फोटोशॉपनं ते रकाने फोटोच्या फाईलमध्येच भरायची सोय दिली. म्हणजे आम्ही बॉलपेननं जे लिहायचो, तेच.

दुसरी वाट कॅमेरावाल्यांची. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं एक मानक जाहीर केलं. त्याचं नाव एक्झिफ. डिजिटल कॅमेरे तेव्हा नुकते बाजारात येत होते आणि प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. कुठल्याही कॅमेऱ्याचा फोटो कुठल्याही प्रिंटरला, कुठल्याही संगणकाला नीट समजावा, हा साधा हेतू. त्यासाठी फोटोच्या फाईलच्या सुरुवातीलाच एक कप्पा ठरवला गेला. कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल, फोटो काढल्याची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, शटरचा वेग, फ्लॅश पडला की नाही, कॅमेरा आडवा धरला होता की उभा, हे सगळं त्यात बसतं. काही कॅमेरे आपला अनुक्रमांकही लिहितात. शिवाय त्यात फोटोची एक टिकलीएवढी छोटी प्रत असते. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

यात कुणाचा कट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. फोटो काढणाऱ्यांनाच ही माहिती हवी होती. कुठल्या सेटिंगवर फोटो चांगला आला हे वहीत लिहून ठेवणारे लोक होते, त्यांचं काम वाचलं. आज तुमच्या मोबाईलमध्ये दहा वर्षांचे फोटो तारखेनुसार ओळीनं लागतात, ते याच कप्प्यामुळं. आडवा फोटो आपोआप सरळ दिसतो, तोही याच्यामुळंच.

या मानकात नव्वदच्या दशकातच आणखी काही रकाने ठेवले होते, जागेचे. अक्षांश, रेखांश, उंची, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते. बरीच वर्षं ते रिकामेच राहिले, कारण भरणारं यंत्र कॅमेऱ्यात नव्हतं.

ते यंत्र म्हणजे जीपीएस. मुळात अमेरिकी लष्कराची व्यवस्था. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर अमेरिकेनं जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाल्यावर सामान्य लोकांनाही वापरता येईल. पण लोकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभरेक मीटरची. शंभर मीटरच्या चुकीत आपल्याकडं अख्खी आळी मावते. मे २००० मध्ये अमेरिकेनं ती चूक घालणं बंद केलं आणि जीपीएस एका झटक्यात घरापर्यंत पोचलं. मग २००८ मध्ये आयफोनचं जीपीएसवालं मॉडेल आलं, मागोमाग इतरांचे फोन आले. कॅमेरा, घड्याळ आणि जागा सांगणारं यंत्र एकाच खिशात बसलं. मोकळे रकाने भरायला लागले.

गणित साधं आहे. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढं चार आकडे लिहिले की जागा अकरा मीटरपर्यंत पक्की होते, पाच लिहिले की एक-सव्वा मीटरपर्यंत. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली काही मीटर चुकतं. शेतातली वस्ती ओळखायला तेवढं भरपूर झालं. आणि रेंज नाही म्हणून जागा कळणार नाही, हाही गैरसमज. उपग्रहाचा संकेत घ्यायला इंटरनेट लागत नाही. त्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर रेंजची एक कांडी यायची, तरी पत्ता बरोबर लिहिला गेला.

यातून जे घडलं, त्यातले चार प्रसंग सांगतो.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही निवेदिकेनं स्वतःचे फोटो कापून, फक्त हवा तेवढा भाग इंटरनेटवर टाकला. वर जी टिकलीएवढी प्रत म्हटलं, तिच्यात मूळ, न कापलेला फोटो तसाच राहिला होता. लोकांनी तो काढला. फोटो कापला किंवा चेहरा पुसट केला म्हणजे झालं, असं समजणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग लक्षात ठेवावा. कापलं ते पुढून, पाठ तशीच राहिली.

दुसरा प्रसंग २००७ चा, इराकमधला. तिथल्या तळावर नवी हेलिकॉप्टर आली. जवानांनी हौसेनं फोटो काढले आणि इंटरनेटवर टाकले. फोटोंत जागा नोंदलेली होती. त्यावरून हल्लेखोरांनी नेमकं ठिकाण काढलं आणि तोफगोळे टाकून चार अपाची हेलिकॉप्टर नष्ट केली. अमेरिकी लष्करानंच २०१२ मध्ये आपल्या जवानांना सावध करताना ही हकिकत सांगितली.

तिसरा २०१० चा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये गेराल्ड फ्रीडलंड आणि रॉबिन सॉमर या संशोधकांनी इंटरनेटवरच्या जाहिराती तपासल्या. विकणाऱ्यांनी पत्ता मुद्दाम दिलेला नव्हता, पण वस्तूच्या फोटोत घराची जागा लिहिलेली होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं एका प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमाचे निवेदक ॲडम सॅव्हेज यांचं उदाहरण दिलं. त्यांनी घरासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीचा फोटो ट्विटरवर टाकला होता आणि कामाला निघाल्याचं लिहिलं होतं. घर कुठं आहे आणि आता घरात कोण नाही, दोन्ही एकाच पोस्टमध्ये.

चौथा प्रसंग मी पत्रकार मुलांना नेहमी सांगतो. जॉन मॅकफी हे नाव तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर असेल. व्हायरसपासून वाचवणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी यांनीच १९८७ साली काढली. २०१२ मध्ये हे गृहस्थ मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये राहत होते. शेजाऱ्याच्या खुनाच्या चौकशीत पोलिसांना त्यांच्याकडं विचारपूस करायची होती. मॅकफी पळाले आणि लपले. व्हाइस या मासिकाचे पत्रकार त्यांच्यासोबत होते. ३ डिसेंबरला मासिकानं मोठ्या रुबाबात फोटो टाकला, मॅकफी आमच्याबरोबर आहेत म्हणून. फोटो आयफोननं काढलेला. काही वेळातच वाचकांनी त्याची पाठ वाचली. अक्षांश-रेखांश शेजारच्या ग्वाटेमाला देशातले निघाले. मॅकफी आधी म्हणाले, आकडे मीच खोटे भरले. मग कबूल केलं की ग्वाटेमालातच आहे. ५ डिसेंबरला बेकायदा प्रवेशाच्या कारणावरून त्यांना तिथं पकडलं.

मॅकफींबद्दल कुणाला सहानुभूती असो वा नसो. पण त्यांचा ठावठिकाणा पोलिसांनी शोधला नाही. तो पत्रकारांनी सांगितला, न कळत, स्वतःच्या बातमीच्या आनंदात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. नंतर माझ्या हातून तेच झालं.

आता आपल्याकडं बघू. महाराष्ट्रात जिओ टॅग हा शब्द आज अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही पाठ आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढतो आणि जागा सोबत नोंदली जाते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सामूहिक कामांवर मजुरांचे जिओ टॅग केलेले फोटो दिवसातून दोन वेळा ॲपवर चढवावे लागतात. घरकुलाचा हप्ता हवा, पायाचा फोटो जागेसकट. वृक्षलागवड, शोषखड्डा, शाळेतली प्रभातफेरी, सगळीकडं खाली नकाशा आणि आकडे असलेला फोटो. त्याचा फायदाही आहे. कागदावर बांधलेली विहीर आता तितकीशी सोपी राहिली नाही.

माझं म्हणणं सवयीबद्दल आहे. सरकारी कामासाठी म्हणून गुरुजींनी, आशाताईंनी, ग्रामसेवकांनी मोबाईलमध्ये नकाशा छापणारं कॅमेरा ॲप घेतलं आणि मग घरचे फोटोही त्यातूनच निघू लागले. मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली घराचा अक्षांश-रेखांश छापलेला मी माझ्याच फेसबुकवर बघितलाय. तो निदान दिसतो तरी. साध्या कॅमेऱ्याचा फोटो हेच आकडे पोटात ठेवून फिरतो.

माझ्या धंद्यातल्या मंडळींना यात एक कायद्याची बाजूही आहे. पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन्ही पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं की नुसतं नाव टाळून भागत नाही, जिच्यावरून दूरान्वयानंही ओळख पटेल अशी माहितीही देता येणार नाही. आपण चेहरा पुसट करतो, गावाचं नाव गाळतो आणि मूळ फाईल तालुक्याच्या पत्रकार ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकतो. त्या फाईलमध्ये घराची ओटी नोंदलेली असते. दुसरं काय पाहिजे ओळख पटायला?

मग करायचं काय? आधी पाठ वाचायला शिकायची.

मोबाईलच्या गॅलरीत कुठलाही फोटो उघडा आणि वर सरकवा, किंवा माहितीचं चिन्ह दाबा. तारीख, फोनचं मॉडेल आणि जागा नोंदलेली असेल तर नकाशा दिसेल. विंडोजच्या कॉम्प्युटरवर फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात डिटेल्स बघा. सगळे रकाने खोलून बघायचे असतील तर एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे. कॅनडातले फिल हार्वे यांनी ते २००३ मध्ये आणलं. जगभरचे तपासणारे आणि लपवणारे दोघंही तेच वापरतात.

आता पुसायचं कसं. विंडोजमध्ये त्याच डिटेल्सच्या तळाशी वैयक्तिक माहिती काढून टाकायचा पर्याय आहे. त्यात माहिती काढलेली वेगळी प्रत तयार करता येते, ती करा, मूळ फाईलला हात लावू नका. आयफोनमध्ये फोटो शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं. अँड्रॉइडमध्ये मुळावरच घाव घाला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा, म्हणजे पुढच्या फोटोंत जागा लिहिलीच जाणार नाही. आधीचे फोटो मात्र तसेच राहतात. आणि पुसल्यावर पुन्हा उघडून बघा. पाठ कोरी झाली का, हे डोळ्यानं बघितल्याशिवाय पुढं पाठवू नका.

व्हॉट्सॲपचं नीट समजून घ्या, कारण माझा घात तिथंच झाला. साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. फोटो थोडा फाटतो, पण पाठ पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाईल जशीच्या तशी, पाठीसकट जाते. ईमेलचंही तेच. फेसबुकवर टाकलेल्या फोटोतली जागा इतरांना फाईलमधून दिसत नाही, पण कंपनीच्या हाती ती पडलेली असते. आणि हे नियम कंपन्या उद्या बदलू शकतात, म्हणून पाठवण्याआधी आपणच पुसलेलं बरं.

एवढं करूनही फोटो बोलतोच. मागं शाळेचा फलक, गाडीची नंबरप्लेट, विजेच्या खांबावरचा क्रमांक, ओळखीचा डोंगर. त्याला कुठलं सेटिंग नाही, आपलेच डोळे. फाईलच्या नावातही बऱ्याचदा तारीख आणि वेळ असते, तेही बदला.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर पोस्ट अर्धी राहील. मूळ फाईल कधीही पुसून टाकू नका. तुम्ही अतिक्रमणाचा, मारहाणीचा, पडलेल्या पिकाचा फोटो काढलाय आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर हीच पाठ तुमच्या बाजूनं बोलेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, नोंदवावा लागतो. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी अंगठा बदलतो. म्हणून मूळ फाईल वेगळ्या पेनड्राइव्हवर, न उघडता, जपून. बाहेर जाईल ती पुसलेली प्रत.

आणि ते नारिंगी आकडे आठवा. तारीख-जागा खोटीही भरता येते, मिनिटभराचं काम आहे. मॅकफींनी तसा बहाणा केला, कारण तो पटण्यासारखा होता. म्हणून पाठीवर लिहिलंय एवढ्यावरून कुणाला खरं किंवा खोटं ठरवू नका. घड्याळ कुणी लावलं होतं, ते आधी विचारा.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट कळली. वडिलांनी 'पंढरपूर, आषाढी' लिहिलं तेव्हा पेन त्यांच्या हातात होतं आणि तो फोटो ट्रंकेतच राहणार होता. कोडॅकच्या झडपेतून लिहिणाऱ्याच्या हातात काडी होती. आता लिहिणारं यंत्र आहे. पहिल्यांदा कॅमेरा उघडताना आपण कधीतरी होकाराचं बटण दाबलं आणि विसरलो, ते मात्र तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या मागं लिहीत राहिलं. स्वतःच्या फोटोचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण दुसऱ्यानं विश्वासानं दिलेला फोटो पुढं पाठवताना तो उलटून बघणं आपलं काम आहे. एसटीच्या काळात मी लिहायला विसरलो तर चुकीचा फोटो छापून यायचा. आता पुसायला विसरलो, तर कुणाला तरी गाव सोडावं लागतं.

त्या शेतकऱ्याला मी नंतर भेटून माफी मागितली. तो रागावला नाही, चहाही दिला, पण बातमीचं पुन्हा कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच पुतण्याचा ईमेल आला. नदीचं पाणी शेतात शिरलं होतं, त्याचे पाच फोटो. मी सवयीप्रमाणं आधी पाठ उघडली. जागेचा रकाना कोरा होता. खाली त्यानं एक ओळ लिहिली होती, "सर, लोकेशन काढून पाठवलंय. काकांनी तसं सांगितलंय."